सही आहे, पण संमती आहे काय?

२०१९ च्या एप्रिल महिन्यात बीड जिल्ह्यातून आलेल्या एका वृत्ताने साऱ्या देशाचे लक्ष वेधून घेतले होते, हे वाचकांना स्मरत असेल. ऊसतोडणीसाठी दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या अनेक स्त्रियांनी ऐन तारुण्यात गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करून घेतली असल्याचे त्या वृत्तात म्हटले होते. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य शासनाला नोटीस पाठविली. जून महिन्यात हा विषय विधान परिषदेत उपस्थित झाला. बीड जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांमध्ये तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी सभागृहाला दिली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढण्यात आल्याचे आढळून आले. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांमध्ये हेच प्रमाण शंभरात सुमारे तीन इतके होते.

या घटनेला आता काही वर्षे लोटली आहेत. तथापि त्या वेळी विचारला गेलेला प्रश्न आजही अनुत्तरित आहे. दोषी कोण, असे विचारले असता प्रत्येकाकडे उत्तर तयार होते. मुकादम म्हणाले, आम्ही कोणालाही शस्त्रक्रिया करावयास सांगितले नाही. डॉक्टर म्हणाले, त्रास त्या बाईलाच होता, मागणी तिचीच होती आणि कागदावर तिची सही अथवा अंगठा आहे. साखर कारखान्यांचे म्हणणे असे की, या स्त्रिया आमच्या कामगारच नाहीत. आणि पुष्कळ स्त्रियांनी स्वतःही सांगितले की, "होय, आम्हीच काढून घेतले." सर्वांची उत्तरे ऐकल्यावर असे वाटावे की, येथे अन्याय झालाच नाही! म्हणूनच या सर्व प्रकरणाच्या मुळाशी असलेल्या एका शब्दाकडे आपण अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. तो शब्द म्हणजे 'संमती'.

कोयता, उचल आणि खाडा

ऊसतोडणीच्या व्यवसायात पती-पत्नीच्या जोडीला मिळून 'एक कोयता' असे म्हणतात. या एका शब्दात बरेच काही सामावलेले आहे. हिशेबात स्त्री स्वतंत्र कामगार नसते. ती अर्धा कोयता असते. पावसाळ्यात घरातील धान्य संपत आले की मुकादमाकडून जोडीच्या नावे आगाऊ रक्कम घेतली जाते. तिला 'उचल' म्हणतात. दिवाळीच्या सुमारास टोळ्या बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. पुढील पाच-सहा महिने उघड्या माळावरील कोपीत संसार असतो. पहाटेपूर्वी फडात जावयाचे, ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधावयाच्या, त्या डोक्यावर घेऊन गाडीत भरावयाच्या. पाणी दूर असते, शौचालय नसते आणि आडोसा म्हणजे उभा ऊस. तोही रोज तुटत जातो.

जोडीपैकी एकाने जरी एका दिवसाची विश्रांती घेतली तरी त्याला 'खाडा' म्हणतात आणि खाड्याबद्दल दंड कापला जातो. २०१९ च्या वृत्तांमध्ये हा दंड दिवसाला पाचशे रुपये असल्याचे नमूद होते. मजुरी टनावर मिळते, वेळेवर नाही. त्यामुळे एक दिवस बुडाला तर त्या दिवसाची कमाई जाते, वर दंड बसतो आणि उचल फिटण्याचा दिवस आणखी पुढे ढकलला जातो. अशा स्थितीत मासिक पाळीचे चार दिवस, गरोदरपण किंवा ओटीपोटातील वेदना यांना हिशेबात जागा कोठे असणार?

ज्या स्त्रीचा विवाह पंधरा-सोळाव्या वर्षी झाला, जिला विसाव्या वर्षापर्यंत दोन-तीन अपत्ये झाली, जी पाळीच्या दिवसांत अस्वच्छ कापड वापरून त्याच फडात वाकून काम करते, तिला जंतुसंसर्ग होणे स्वाभाविक आहे. अंगावरून पांढरे जाणे, अतिरक्तस्राव, कंबरदुखी हे तिचे नित्याचे सोबती होतात. ती डॉक्टरांकडे जाते. यांपैकी बऱ्याच तक्रारींवर औषधोपचार उपलब्ध आहेत. परंतु औषधोपचाराला काही काळ लागतो, पुन्हा तपासणीसाठी यावे लागते, स्वच्छ पाणी आणि विश्रांती लागते. यांपैकी एकही गोष्ट तिच्यापाशी नाही. तेवढ्यात कोणीतरी म्हणते, "पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल." भीती आणि सोय, दोन्ही एकाच बाजूला झुकतात. शस्त्रक्रियेसाठी लागणारे हजारो रुपये पुष्कळदा मुकादमाकडूनच घेतले जातात आणि ती रक्कम पुढील हंगामात ऊस तोडून फेडावी लागते. वेदनेतून सुटण्यासाठी केलेला उपाय तिला त्याच फडाशी अधिक घट्ट बांधून टाकतो.

वैद्यकीय व्यवसायाचे उत्तरदायित्व

गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया ही मुळात वाईट नव्हे. कर्करोग, मोठ्या गाठी, न थांबणारा रक्तस्राव अशा प्रसंगी ती जीवनदायी ठरते. प्रश्न आहे तो अन्य उपाय न करता, पुरेशी तपासणी न करता, तरुण वयात ती करण्याचा. गर्भाशयाबरोबर बीजांडकोषही काढले गेले तर स्त्रीला अकाली रजोनिवृत्ती येते. हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजांडकोष राखले तरी त्यांचे कार्य काही वर्षे आधी मंदावण्याची शक्यता असते. जिची उपजीविका सर्वस्वी शरीरश्रमावर अवलंबून आहे, तिच्यासाठी ही हानी किती मोठी आहे, हे वेगळे सांगावयास नको. ज्या कामासाठी तिने शस्त्रक्रिया करून घेतली, तेच काम पुढे तिच्या आवाक्याबाहेर जाते.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका महत्त्वाच्या निकालात रुग्णाच्या संमतीचा अर्थ स्पष्ट केला. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीचे गर्भाशय व बीजांडकोष तिच्या आईच्या संमतीने काढण्यात आले होते. ती संमती ग्राह्य नाही, असे न्यायालयाने ठरविले. रोगाचे स्वरूप काय, शस्त्रक्रियेतील धोके कोणते, तिला पर्याय कोणते आणि ती न केल्यास काय होईल, हे रुग्णाला सांगितल्यानंतर त्याने स्वेच्छेने दिलेली संमती हीच खरी संमती होय, असे त्या निकालाचे सार आहे. ही कसोटी लावली तर बीडमधील किती कागद टिकतील? "ठेवली तर कॅन्सर होईल" या एका वाक्यानंतर उमटलेल्या अंगठ्याला संमती म्हणावयाचे काय?

हा प्रश्न केवळ बीडचा नाही. गरिबांच्या आरोग्य विम्यासाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेतून बिहारमध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्याचे २०१२ साली उघडकीस आले. छत्तीसगड आणि राजस्थानातूनही तशाच तक्रारी आल्या. २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी यासंबंधी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिचा निकाल २०२३ च्या एप्रिलमध्ये लागला. केंद्र शासनाने २०२२ मध्ये तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असा आदेश न्यायालयाने दिला. चाळीस वर्षांखालील स्त्रीच्या बाबतीत दोन डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची आवश्यकता प्रमाणित करावी, ही सूचनाही त्या संदर्भात पुढे आली. बीडमध्ये तर २०१९ नंतर खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले.

हे उपाय स्वागतार्ह आहेत. परंतु ते रुग्णालयाच्या दारापाशी थांबतात. २०२५ च्या जून महिन्यात पुन्हा वृत्त आले की, ऊसतोडीसाठी जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या स्त्रियांच्या आरोग्य तपासणीत गर्भाशय काढलेल्या ८४३ स्त्रिया आढळल्या आणि त्यांतील निम्म्याहून अधिक स्त्रिया तीस ते पस्तीस वयोगटातील होत्या. त्याच वृत्तानुसार दीड हजारांवर स्त्रियांनी गरोदर असताना ऊस तोडला. परवानगीचा कागद वाढला. खाडा मात्र तसाच राहिला.

प्रसारमाध्यमांची दृष्टी

या प्रकरणात प्रसारमाध्यमांनी मोलाची कामगिरी बजावली, हे प्रथम मान्य केले पाहिजे. वार्ताहर गावोगावी गेले नसते तर ना समिती नेमली गेली असती, ना पाहणी झाली असती. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली, तीही वृत्तपत्रातील लेखावरूनच. २०२४ च्या मार्च महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने महाराष्ट्रातील या साखरेचा माग काढीत तो बहुराष्ट्रीय शीतपेय कंपन्यांपर्यंत नेऊन पोहोचविला, तेव्हा जगभर चर्चा झाली.

असे असूनही दोन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे 'गर्भाशय नसलेल्या स्त्रियांची गावे' अशा आशयाचे मथळे. ज्या स्त्रीचे दुःख सांगावयाचे, तिलाच अशा शब्दांनी उघडे पाडले जाते. तिच्या मुलींच्या विवाहाच्या वेळी हा शिक्का कसा आड येईल, याचा विचार मथळा लिहिणाऱ्याने क्वचितच केला असेल. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वृत्ताला खलनायक हवा असतो. कधी तो मुकादम असतो, कधी डॉक्टर. मुकादमाने खरोखरच आदेश दिला होता काय, यावर पानेच्या पाने लिहिली गेली आणि तसा पुरावा सापडत नाही म्हटल्यावर अनेकांच्या लेखी विषय संपला. जेथे आदेश न देताही तोच परिणाम साधतो, अशा व्यवस्थेचे छायाचित्र काढता येत नाही. उचलीचा करार, टनाचा दर, खाड्याची वही यांचे वृत्त रूक्ष असते. पण खरी कथा त्याच वहीत लिहिलेली आहे.

सक्ती म्हणजे काय?

येथे एका जुन्या निकालाचे स्मरण करणे उचित ठरेल. दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले की, सक्ती केवळ लाठीने किंवा कायद्याने होत नाही. भूक आणि दारिद्र्य यांमुळे माणसापुढे दुसरा मार्गच उरत नसेल तर तीही सक्तीच होय. मजुरांच्या श्रमाला लावलेली ही कसोटी मजूर स्त्रीच्या शरीराला का लावू नये? जिच्यापुढे दंड, कर्ज आणि वेदना असे तीनच रस्ते आहेत, तिने चौथा निवडला म्हणून त्याला तिची 'इच्छा' म्हणता येणार नाही.

म्हणून उपाय शोधावयाचा तो फडात. काही पावले पडली आहेत, हे खरे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ स्थापन झाले. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी दहा रुपये त्यासाठी द्यावेत, असे ठरले. मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणून संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. परंतु दर वाढला तरी तो कोयत्याला मिळतो, स्त्रीला नव्हे. स्त्रीची स्वतंत्र कामगार म्हणून नोंद व्हावी, तिची मजुरी तिच्या खात्यात जमा व्हावी, आजारपण, पाळी व गरोदरपण यांसाठी खाडा लावणे पूर्णतः बंद व्हावे, फडाजवळ पाणी व शौचालय असावे आणि कारखान्याने स्वतःला मालक मानून त्याची जबाबदारी घ्यावी, या मागण्या अवाजवी नाहीत. नोकरदार स्त्रीला प्रसूतीची पगारी रजा देणारा कायदा या देशात १९६१ सालीच झाला. ऊस तोडणाऱ्या स्त्रीला त्याच काळात दंड भरावा लागतो, ही विसंगती आपण किती दिवस सहन करणार?

आपल्यापैकी अनेक कुटुंबे श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर या साखरपट्ट्यात राहतात. गाळपाच्या हंगामात कोप्यांच्या वस्त्या त्यांच्या शिवारात उभ्या राहतात. तेथील शेतकरी सभासद आपल्या कारखान्याच्या वार्षिक सभेत उसाच्या भावाविषयी आवर्जून प्रश्न विचारतात. त्याच सभेत खाड्याच्या दंडाविषयीही एक प्रश्न विचारता येईल. परिचारिका आणि डॉक्टर म्हणून सेवा करणारी आपली मंडळी त्या वस्त्यांमध्ये जाऊन स्त्रियांना सांगू शकतात की, पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे, तपासणी करता येते, औषध घेता येते आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क तिलाही आहे. शहरात राहणाऱ्यांनी निदान एवढे लक्षात ठेवावे की, ही साखर रोज आपल्या चहात विरघळते.

कागदावरील अंगठा खरा असेलही. त्याआधी त्या स्त्रीला एक दिवस विनादंड विश्रांती घेण्याची मुभा होती काय, हे ज्या दिवशी चौकशी समित्या, डॉक्टर आणि वार्ताहर विचारू लागतील, त्या दिवशी न्यायाची वाट मोकळी होऊ लागेल.