डोंगरमाथ्यावरच्या यंत्राची राखण

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्हा दहा-बारा मिनिटांच्या अंतराने दोनदा हादरला. पहिल्या धक्क्याची तीव्रता ४.५ आणि दुसऱ्याची ३.६ अशी नोंदली गेली. त्याच वर्षी १० जुलै रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा आणखी एक धक्का बसला. मोठी हानी झाली नाही हे सुदैव. पण वसमत, कळमनुरी व औंढा नागनाथ या तालुक्यांतील काही गावे गेली कित्येक वर्षे जमिनीतून येणारे गूढ आवाज ऐकत आहेत, आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. संकटाची दुसरी वाट पाण्याची आहे. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातील कुरुंदा गावात पुराचे पाणी शिरले, तेव्हा तिचाही प्रत्यय आला. अशा जिल्ह्यात संकटाच्या पहिल्या काही तासांत गावांचा तालुक्याशी आणि तालुक्यांचा जिल्ह्याच्या ठिकाणाशी संपर्क कसा राहणार, हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक राहत नाही.

आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल दूरध्वनी असताना ही चिंता कशाला, असे कोणी विचारील. परंतु मोबाइलचा मनोरा विजेवर चालतो. वीज गेल्यावर त्याच्या बॅटऱ्या काही तासच टिकतात आणि धक्का बसताच सारा जिल्हा एकाच वेळी दूरध्वनी करू लागला तर चालू मनोरेही तुंबतात. जानेवारी २००१ मध्ये भूजच्या भूकंपानंतर दूरध्वनी यंत्रणा कोलमडली, तेव्हा निरोपांची ने-आण करण्यात हौशी रेडिओचालकांनी मोलाचा वाटा उचलला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओ या संस्थेचे पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरमध्येच होते. अंदमान-निकोबारमधील कित्येकांची खुशाली मुख्य भूमीवरील आप्तांना प्रथम कळली ती या पथकामुळे. हे लोक वेतनावर काम करणारे नव्हते. केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवलेले आणि छंद म्हणून बिनतारी संभाषण करणारे नागरिक होते. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ही परीक्षा देता येते, आणि या सेवेचा पैशासाठी उपयोग करण्यास नियमांची मनाई आहे.

या छंदाला जिल्ह्याच्या पातळीवर खरा उपयोग येतो तो डोंगरमाथ्यावरील पुनःक्षेपण केंद्रामुळे. हौशी मंडळी त्याला रिपीटर म्हणतात. हातातील पाच वॅटच्या संचाच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाटीवर उभ्या असलेल्या माणसाला रेडिओचे क्षितिज चार-पाच किलोमीटरवरच संपते. मध्ये टेकडी आली तर तेवढेही नाही. तेच यंत्र भोवतालच्या मुलखापेक्षा शंभर मीटर उंचीवर ठेवले की क्षितिज चाळीस किलोमीटरपर्यंत मागे सरते. रिपीटर एका लहरीवर ऐकतो आणि तेच शब्द त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर मोठ्या शक्तीने पुन्हा सोडतो. हिंगोलीत सह्याद्रीसारखी शिखरे नाहीत. आहेत ते अजिंठ्याच्या रांगेचे पूर्वेकडे उतरत गेलेले फाटे आणि पठारे. पण कयाधू आणि पूर्णेच्या खोऱ्यांतील गावांना एकमेकांशी बोलते करण्यास नीट निवडलेली एक-दोन ठिकाणे बरेच काही करू शकतील.

येथवर सर्वांचे एकमत होण्यास हरकत नाही. अडचण पुढे आहे. रिपीटर उभारणे सोपे असते, तो जिवंत ठेवणे कठीण. मनोरा उभा राहतो, पाहुणे येतात, छायाचित्र छापून येते. त्यानंतर डोंगरावर कोणी जायचे, हे मात्र ठरलेले नसते. वैशाखातल्या मराठवाड्याच्या उन्हाने बॅटऱ्यांचे आयुष्य घटते. सौरपट्ट्यांवर धूळ बसते. उंदीर तारा कुरतडतात, मनोऱ्यावर मधमाश्या पोळे धरतात. वळवाच्या विजा उंचावरची धातूची वस्तूच शोधत येतात. म्हणून मृगापूर्वी भूसंपर्काची तार तपासावी लागते. ॲन्टेनापासून खाली येणाऱ्या केबलच्या सांध्यात पावसाचे पाणी झिरपले, की वरून सारे ठीक दिसत असूनही शक्ती वाटेतच विरून जाते.

सर्वांत फसवा बिघाड तर डोळ्यांना दिसतच नाही. दोन मीटरच्या पट्ट्यात ऐकण्याची आणि बोलण्याची लहर यांत सामान्यतः केवळ ६०० किलोहर्ट्झचे अंतर असते. एकाच ॲन्टेनावर ही दोन्ही कामे एका वेळी चालायची, तर धातूच्या पोकळ नळकांड्यांची गाळणी अचूक जुळवलेली असावी लागते. ती जुळणी थोडी सरकली की रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतो. गावात बसलेल्याला तो खणखणीत ऐकू येतो. पण दूरच्या पाड्यावरचा क्षीण आवाज त्याच्या कानी पडत नाही. संकटाच्या रात्री ज्याचे ऐकायचे, तोच नेमका ऐकू येत नाही. हा दोष उघडकीस येतो तो एकाच मार्गाने: दूरच्या माणसाने नेमाने बोलून पाहावे, आणि कोणीतरी ते वहीत टिपून ठेवावे.

म्हणजे प्रश्न यंत्राचा कमी आणि माणसांचा अधिक आहे. कोणत्याही हौशी मंडळात डोंगर चढणारे, गाळणी जुळवणारे हात दोन-तीनच असतात. त्यांतील एकाची बदली झाली, दुसरा नोकरीसाठी पुण्याला गेला, की त्यांच्याबरोबर सारे ज्ञानही जाते. मग एका पावसाळ्यात यंत्र मुके होते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुकेच राहते. सरकारी व्यवहाराची रीत या दुबळेपणात भरच घालते. खरेदीसाठी पैसा निघतो, देखभालीसाठी निघत नाही. नवा संच घेता येतो, पण जुन्याची बॅटरी बदलण्यासाठी लेखाशीर्ष सापडत नाही. पोलिसांची बिनतारी यंत्रणा आहे, हे खरे. पण ती पोलिसांच्या कामासाठी आहे आणि मोठ्या संकटात त्याच कामाने भरून जाते. तिच्या जोडीला नागरिकांची दुसरी वाट असण्यात कोणाच्याही अधिकाराचा संकोच होत नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांनी रेडिओ मंडळ चालवावे असे नव्हे. सरकारने चालवलेला छंद हा छंद राहत नाही. मात्र अस्तित्वात असलेल्या एखाद्या सरकारी मनोऱ्यावर जागा, तेथे जाण्याची कायमची परवानगी आणि हिशेब घेऊन दिलेली थोडी वार्षिक रक्कम एवढे तरी द्यावे. बदल्यात मंडळाने आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी पाचही तालुक्यांची हजेरी घ्यावी, देखभालीची वही उघडी ठेवावी आणि दरवर्षी महाविद्यालयांतून नवे परवानाधारक तयार करावेत. आणखी एक गोष्ट आवश्यक आहे. वर्षातून एकदा रिपीटर मुद्दाम बंद ठेवून सराव व्हावा. ज्या धक्क्याने मोबाइलचे मनोरे पडतील तो डोंगरावरच्या या मनोऱ्याला वगळेलच असे नाही. तेव्हा एका संचावरून दुसऱ्या संचावर, गावावरून गाव असा निरोप पोहोचवण्याची सवय हवी.

औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. अब्जावधी प्रकाशवर्षांवरील कृष्णविवरांच्या मीलनाची चाहूल हिंगोलीच्या माळावर घेतली जाईल, ही अभिमानाचीच गोष्ट. त्याच माळावरच्या एखाद्या वाडीतून मध्यरात्री आलेली हाक कळमनुरीत ऐकू यावी, यासाठी त्या रकमेचा नगण्य अंशही पुरेल. लागतील ते दर पावसाळ्यापूर्वी डोंगर चढून जाणारे चार जण आणि ते गेले की नाही हे विचारणारा एक अधिकारी. त्यांची नावे पुढच्या धक्क्याची वाट न पाहता आजच ठरवता येण्यासारखी आहेत.