परक्या हाती गेलेली कथा आणि वाचकाचा अपेक्षाभंग

एखादी प्रिय कथामालिका मूळ कर्त्याकडून इतरांच्या हाती गेली की वाचकाचा अपेक्षाभंग होतो, आणि समीक्षा तो स्मरणरंजनाच्या खात्यावर टाकून मोकळी होते. त्यासाठी दोन आधार पुढे केले जातात: रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये घोषित केलेला ‘लेखकाचा मृत्यू’ आणि मराठी परंपरेतील सामुदायिक कर्तृत्व. दोन्ही आधार तपासल्यावर टिकत नाहीत.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्यावा. फुरसुंगीचा हा सायकलवेडा शाळकरी मुलगा आदित्य सरपोतदार यांच्या २०१७ च्या चित्रपटात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारा तरुण झाला. केवळ वय वाढले एवढाच आक्षेप असता, तर तो क्षुल्लक ठरला असता. मूळ कथांतील संकट मुलाच्या उंचीवरून दिसते; मोठ्यांचे जग त्याला अर्धेच कळते आणि त्या अर्धवट कळण्यातूनच कुतूहल, वेग व विनोद निर्माण होतात. नायक तरुण होताच हा दृष्टिकोन लोपतो; उरतात ते नाव आणि ‘ट्टॉक्’. चित्रपटात स्वतः भागवतही पात्र म्हणून वावरतात. ती भूमिका दिलीप प्रभावळकरांची आहे. लेखकाला कथेत मानाचे आसन मिळाले, त्याचे निवेदन मात्र उंबऱ्याबाहेर राहिले.

हे ओळखणारा वाचक भाबडा नसतो. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे; डोंबिवलीत तर २०१७ च्याच फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अशा पट्ट्यात पुस्तकामागून पुस्तक बदलून आणत मालिका वाचणारा तिचे अलिखित नियम आत्मसात करतो. म्हणूनच नियम मोडल्याचे त्याला सिद्धान्तावाचून कळते. बार्थ यांच्या निबंधाचा शेवट वाचकाच्या जन्माने होतो. लेखकाला मृत ठरविण्यासाठी बार्थ यांची साक्ष काढायची आणि त्याच वेळी जन्मलेल्या वाचकाने तोंड उघडताच त्याला गप्प बसवायचे, ही वैचारिक लबाडी होय. तिचा लाभ लेखकाला होत नाही, वाचकालाही नाही. होतो तो पात्राचे नाव विकणाऱ्या बाजाराला.

राहिला प्रश्न परंपरेचा. एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायाशी थांबले आणि पुढे ते गावबाने चालविले, असे परंपरा सांगते. म्हणजे हात नेमका कोठे बदलला, हे तिने अध्यायाच्या क्रमांकासह स्मरणात ठेवले. सामुदायिक कर्तृत्व म्हणजे कर्त्यांमधील भेद पुसणे नव्हे. पुढच्याने मागच्याचे उत्तरदायित्व उघडपणे पत्करणे होय.

नव्या कर्त्याने मूळ कथेचा नियम जरूर मोडावा. मात्र त्या जागी तितकाच समर्थ नियम उभा राहिला का, असे वाचक विचारतो, तेव्हा तो समीक्षेचाच प्रश्न विचारत असतो. त्याला स्मरणरंजन म्हणणारी समीक्षा स्वतःचे काम टाळते.