२८,८०० पैकी एक

रात्री १० वाजता भट्टी बंद केली आणि ती कशी थंड होते हे टिपायला लॅबव्ह्यूचा प्रोग्रॅम सुरू केला. दर सेकंदाला एक तापमान. सकाळी ६ ला स्टॉप दाबलं. ८ तासांची २८,८०० रीडिंग्ज मिळायला हवी होती. मिळालं किती? एक! शेवटचं, ३१.४ अंश.

ज्यांच्या ब्रँचला लॅबव्ह्यू नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे प्रोग्रॅम लिहायचा नसतो, काढायचा असतो. लूप म्हणजे एक चौकट. आतली वायर बाहेर ओढली की चौकटीच्या कडेवर छोटा चौकोन उमटतो, तो टनेल. ऑटो-इंडेक्सिंग चालू असेल तर हा टनेल प्रत्येक फेरीचं उत्तर ओळीने अ‍ॅरेत भरतो. बंद असेल तर फक्त शेवटच्या फेरीचं उत्तर बाहेर सोडतो. गंमत म्हणजे फॉर लूपला हे आपोआप चालू असतं, व्हाइल लूपला आपोआप बंद. आमची प्रॅक्टिकल्स सगळी फॉर लूपची, दहा फेऱ्यांची. अ‍ॅरे न मागता मिळायचा, त्यामुळे तो कुठून येतो हा प्रश्नच कधी पडला नाही.

बरं, रात्रभर पडद्यावर चार्ट मस्त पळत होता, म्हणून आम्ही निर्धास्त. पण चार्टसुद्धा, आपण बदललं नाही तर, शेवटचे १,०२४ बिंदूच लक्षात ठेवतो. म्हणजे आमची जेमतेम १७ मिनिटं.

दुसऱ्या रात्री टनेलवर राइट क्लिक करून इंडेक्सिंग चालू केलं. वायर जाड झाली, आमची छातीही फुगली. पहाटे ४ ला लाईट गेली. यूपीएस नव्हता. टनेलमधला अ‍ॅरे बाहेर येतो तो लूप संपल्यावरच. तोवर सगळं मेमरीत, आणि मेमरी गेली लाईटबरोबर. टूलबारवरचं लाल अबॉर्ट बटण दाबलं तरी हीच गत होते.

सबमिशनला दोन दिवस. रूममेट म्हणाला, "सिनियरची जर्नल आहे ना? चार पॉइंट इकडे-तिकडे कर, कोण बघतंय?" खोटं कशाला बोलू, मी पेन्सिल हातात घेतली होती. पण सिनियरच्या आलेखात भट्टी पाचव्या तासालाच ३० च्या खाली उतरलेली. आमची आठव्या तासालाही ३१.४! तो एकुलता एक खरा आकडा आडवा आला. सिनियरने तरी कुणाची उतरवली होती, देव जाणे.

तिसऱ्या रात्री लूपच्या आधी फाइल उघडली, प्रत्येक फेरीत एक ओळ लिहिली, मधूनमधून फ्लश केली, लूपनंतर बंद केली. आता लाईट गेली असती तरी तोवरचं हाती राहिलं असतं.

कोणी म्हणेल, शिफ्ट रजिस्टर लावून बिल्ड अ‍ॅरे वापरायचा की. वापरा, पण दर फेरीला अ‍ॅरे वाढला की त्याला मोठी जागा शोधून जुनं सगळं तिथे हलवावं लागू शकतं. आणि जागा मेमरीतलीच. आमची २८,८०० रीडिंग्ज म्हणजे सव्वादोन लाख बाइट्स, किरकोळ. पण ४ चॅनेल, सेकंदाला १,००० नमुने, ८ तास असा हिशेब केला तर ९२ कोटी बाइट्स होतात, तेही सलग जागेत!

माझं म्हणणं एवढंच: अ‍ॅरे हिशेबासाठी, फाइल साठवणीसाठी. सरांनाही नम्र विनंती की एक प्रॅक्टिकल असं ठेवा ज्यात व्हाइल लूप मध्येच बंद पाडला जाईल. व्हायवाला 'अ‍ॅरे म्हणजे काय' याऐवजी विचारा, 'आत्ता लाईट गेली तर तुझी रीडिंग्ज कुठे आहेत?' ज्याची रीडिंग्ज जागेवर असतात, त्याला दुसऱ्याची जर्नल उघडावी लागत नाही.

आमच्या जर्नलमध्ये पहिल्या दोन रात्रींसमोर 'नोंदी गेल्या' असं लिहिलंय, कारणासकट. मार्क किती मिळतील ते मिळोत.