कापलेल्या पट्टीवर नाव नसतं!

पाळीत पोट दुखलं की मेडिकलमधून गोळी मागवायची, ही घराघरातली रीत. 2023 च्या नोव्हेंबरअखेर इंडियन फार्माकोपिया कमिशनने याच दुखण्यावरच्या मेफेनॅमिक अॅसिडबद्दल इशारा दिला. ताप, पुरळ आणि आतल्या अवयवांना इजा अशी गंभीर अॅलर्जी क्वचित होऊ शकते, लक्ष ठेवा. चार दिवस बातमी गाजली, मग विरली.

औषधाच्याच अॅलर्जीचा, पण डोळ्यांवर उठणारा आजार म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. 1922 साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी तो नोंदवला. फिट्सच्या काही गोळ्या, सल्फा, काही वेदनाशामकं ही त्याची नेहमीची कारणं. होतो अगदी थोड्यांना, पण झाला की कातडी सोलवटते, तोंड येतं, डोळे लालभडक होतात.

कातडी काही आठवड्यांत भरते. डोळ्याचं तसं नाही. पापणीची आतली कड खरखरीत होते, केस आत वळतात, अश्रू आटतात. प्रत्येक उघडझापीला बुबुळ घासतं आणि नजर हळूहळू जाते. घरचे मात्र म्हणतात, 'जीव वाचला ना, झालं तर मग!'

म्हणून नेत्रतज्ज्ञ पहिल्या दिवसापासून हवेत. पहिल्याच आठवड्यात डोळ्यावर गर्भवेष्टनाचा पडदा बसवला तर बरंच नुकसान टळतं. उशीर झाला तरी ओठाच्या आतलं अस्तर पापणीला लावतात, खास मोठ्या लेन्स देतात. आपल्याला रेल्वेने गाठता येणाऱ्या हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत हे उपचार होतात.

याच आजाराच्या तीव्र प्रकाराने 1998 मध्ये अनुराधा साहा मुंबईत वारल्या. कोलकात्यातल्या उपचारांत हयगय झाली म्हणून 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने सुमारे सहा कोटींची भरपाई दिली. पण असा दावा कागदांशिवाय उभाच राहत नाही. आणि आपल्याकडे?

दिवसभर विड्या वळून पाठ धरली की सोलापूरची बाई दोन गोळ्या सुट्या घेते. पट्टी कापताना नाव दुकानातच राहतं. पुढे डॉक्टरांनी विचारलं तर ती सांगणार काय? 'पांढरी होती' एवढंच!

तेव्हा बायांनो, नाव असलेला तुकडा मागा, बिल आणि चिठ्ठी जपा. नव्या औषधानंतर ताप, तोंड येणं, लाल डोळे एकत्र दिसले तर गोळी हातात घेऊन लगेच दवाखाना गाठा. दुष्परिणाम 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर आपल्यालाही कळवता येतो. आपण कळवलं, तरच पुढचा इशारा वेळेवर निघेल.