मोकळी जमीन म्हणजे कोणाची?

मुंबईचा धनिक अटल सेतू ओलांडून अलिबागच्या बंगल्याकडे निघतो, तेव्हा पेणपलीकडचा खारेपाट त्याला निसर्गरम्य भासतो. नियोजनकारांना तोच मुलूख मोकळा दिसतो. दोन्ही विशेषणांत लबाडी एकच आहे. या भूमीत मुरलेले श्रम दोघांच्याही दृष्टीस पडत नाहीत.

खारेपाटातील भातशेती निसर्गाने दिलेली नाही. ती समुद्राकडून हिसकून घेतलेली आहे. आगरी कुळांनी पिढ्यानपिढ्या चिखलाचे बांध घातले, उघाड्या राखल्या, उधाणात खांड पडली की सारा गाव मध्यरात्री धावला. जमिनीच्या मूळच्या व अविनाशी शक्तींचा मोबदला म्हणजे खंड, हा रिकार्डोचा सिद्धांत मी आयुष्यभर शिकवला. येथे मूळचे काही नाही. अविनाशी तर मुळीच नाही. बांध फुटला की शेत नापीक होते. खोत मात्र खंड घेतच राहिले. १९३३ साली चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला व सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत. शेताची किंमत नांगरामुळे असते, हे तेव्हा खोतांना उमगले.

खोत गेले, सरकार आले. १९७९ च्या खारभूमी कायद्यानंतरही बांधांची हेळसांड थांबली नाही. फुटलेल्या बांधाआड कांदळवन माजते, आणि पर्यटक त्या हिरवाईची छायाचित्रे घेतो! कांदळवन तोडा, असे कोणी म्हणत नाही. २००५ पासून उच्च न्यायालयाने त्याला दिलेले संरक्षण योग्यच आहे. पण सरकारी अनास्थेने बुडालेल्या शेताची भरपाई कुळाच्या वारसाला कोण देणार?

ही भूमी मुकी नाही. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या पाच शेतकऱ्यांनी भूसंपादनाविरुद्ध गोळ्या झेलल्या. सप्टेंबर २००८ मध्ये पेणच्या २२ गावांनी विशेष आर्थिक क्षेत्राविषयी मतदान केले. तो प्रकल्प उभा राहिला नाही. तरीही २०२४ साली उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावे नव्या नगरासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हवाली करण्यात आली. जणू तेथे कोणी राहतच नव्हते!

नकाशा आखण्यापूर्वी प्रत्येक बांध, उघाडी, मिठागर आणि मासळी सुकविण्याचे खळे ग्रामसभेसमोर नोंदले गेले पाहिजे. फुटक्या बांधांची दुरुस्ती शासनाने स्वखर्चाने केली पाहिजे. तोवर मोजणीचा एकही खुंट गावकऱ्यांनी शिवारात ठोकू देऊ नये.