एका परकी पदाची जन्मकथा

काव्य कशापासून उत्पन्न होतें, ह्या प्रश्नाचा ऊहापोह आपल्याकडील आलंकारिकांनीं फार बारकाईनें केलेला आहे. शक्ति, निपुणता आणि अभ्यास हीं तिन्ही मिळून काव्याचा एकच हेतु होतो, तीन निरनिराळे हेतु नव्हेत, हें मम्मटाचें म्हणणें आम्ही वर्गांत विद्यार्थ्यांकडून घोकून घेत असूं. परंतु अमुक एक पद अमक्या दिवशीं, अमक्या निमित्तानें जन्मास आलें, ही हकीकत लिहून ठेवण्याची हौस आपल्या लोकांस फारशी नाहीं. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ ही आरती मोरगांवच्या मयूरेश्वरापुढें समर्थांस सुचली, असें आम्ही अष्टविनायकांच्या टापूंतले लोक मोठ्या अभिमानानें सांगतों. पण ती आख्यायिका होय, नोंद नव्हे.

पाश्चात्यांची तऱ्हा निराळी. ‘रॉक’ ह्या नांवानें जें संगीत तिकडे निघालें, त्यांतील गाण्यांच्या जन्मकथा त्यांनीं तारीखवार टिपून ठेविल्या आहेत. हें संगीत आमच्या घरांत शिरलें तें धाकट्या बंधूंच्या नातवाच्या गिटारीबरोबर. देवघराला लागून हा दणदणाट नको, असें आमच्या भावजयबाईंचें मत. तें अगदींच गैर होतें असेंही आम्ही म्हणणार नाहीं. परंतु एके दिवशीं चिरंजीवानें ‘बीटल्स’ मंडळींचें एक पद लाविलें, आणि पहिल्याच क्षणीं आंतून सनईसारखे सूर निघाले! आमच्या रांजणगांवीं महागणपतीच्या महाद्वारावर नगारखाना आहे; तो सूर आमच्या कानांस ओळखावा लागत नाहीं. चौकशी केली, आणि जी हकीकत हातीं आली ती वाचकांस सांगण्याजोगी आहे.

बीटल्स म्हणजे इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरचे चार तरुण: जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. पैकीं हॅरिसन ह्यास आपल्या संगीताची गोडी लागून तो पंडित रविशंकरांपाशीं सतार शिकण्यास १९६६ सालीं मुंबईस आला होता. पुढें १९६७ च्या शरदांत लंडनच्या दूरचित्रवाणीवर ध्यानधारणेसंबंधीं चर्चा झाली. तींत हॅरिसन व लेनन हे दोघे होते, आणि निमंत्रित श्रोत्यांत केंब्रिजचे संस्कृतज्ञ हुआन मास्कारो हेही होते. हे गृहस्थ मूळचे स्पेनकडील मायोर्का बेटांतले, जन्म १८९७ चा. त्यांचें भगवद्गीतेचें इंग्रजी भाषांतर १९६२ सालीं आणि निवडक उपनिषदांचें १९६५ सालीं प्रसिद्ध झालें. आयुष्य संस्कृत ग्रंथांत घालविलेल्या सत्तरीच्या गृहस्थानें विशींतल्या गिटारवाल्याशीं काय बोलावें? मास्कारोंनीं त्यास पत्र लिहिलें. त्याच्या एका आधींच्या गाण्याची मनापासून वाखाणणी केली, सोबत ‘लॅम्प्स ऑफ फायर’ हा आपण निवडलेल्या सर्वधर्मीय वचनांचा संग्रह पाठविला, आणि त्यांतील ‘ताओ ते चिंग’ ह्या चिनी ग्रंथाच्या एका उताऱ्यास चाल लावून पाहावी, असें सुचविलें.

आम्हीं छत्तीस वर्षें शाळेंत काढलीं. म्हणून ह्या पत्राचें मोल आम्हांस विशेष वाटतें. विद्वानांनीं तरुणांच्या गाण्यास नाक मुरडावें, हा जगाचा रिवाज. ह्या म्हाताऱ्यानें तें गाणें आधीं ऐकलें, मग पसंती कळविली, आणि मग आपल्या पोतडींतलें रत्न काढून दिलें.

तो उतारा ताओच्या सत्तेचाळिसाव्या प्रकरणाचा. घराचा उंबरठा न ओलांडतांही मनुष्यास विश्वाचें ज्ञान होऊं शकतें, आणि जो जितका दूर भटकतो तितकें त्यास कमी कळतें, असा त्याचा आशय. उपनिषदें वाचलेल्यास तो परका वाटणार नाहीं. हॅरिसननें पहिल्या कडव्यांत ‘मी’ ठेविला आणि दुसऱ्यांत तेंच ‘तूं’ घालून पुन्हा म्हटलें. असें कां केलें, ह्याचीं त्यानेंच दोन कारणें दिलीं आहेत: एक, बोलणें सर्वांस लागू व्हावें, कोणाचा गैरसमज होऊं नये, आणि दुसरें, गाणें थोडें लांबावें! दुसरें कारण इतक्या सरळपणें सांगणारा कवि विरळा.

मौज अशी कीं, घर न सोडण्याचा उपदेश करणाऱ्या ह्या पदाचा वाद्यमेळ मात्र हजारों मैलांवर, आपल्या मुंबईंत तयार झाला. जानेवारी १९६८ मध्यें हॅरिसन एका चित्रपटाच्या संगीताकरितां फोर्टांतील एच. एम. व्ही. कंपनीच्या ध्वनिमुद्रणशाळेंत आला होता. त्याच बैठकींत हें कामही उरकलें. तेथें दोन पट्ट्यांवर ध्वनि टिपणारें यंत्र नव्हतें. तें कंपनीचे भास्कर मेनन ह्यांनीं कलकत्त्याहून आगगाडीनें आणविलें. खोलीस बाहेरचा आवाज अडविण्याची सोय नव्हती. खालच्या रस्त्यावरील मोटारींचा गलका आंत येई, आणि सायंकाळीं साडेपांचास कचेऱ्या सुटून कारकून मंडळी जिना दणाणीत उतरूं लागली म्हणजे काम थांबवावें लागे, अशी आठवण हॅरिसननें सांगितली आहे. सरोद, बासरी, पखवाज आणि पेटी, सगळा मेळ देशी. गाणें गाण्यास मात्र तो कचरत होता. फेब्रुवारींत लंडनला मॅकार्टनीनें धीर दिला तेव्हां तो उभा राहिला. १५ मार्च १९६८ रोजीं तबकडी निघाली, तेव्हां हॅरिसन हृषीकेशास आश्रमांत होता.

आतां जी गोष्ट आमच्या मनास लागून राहिली ती सांगतों. तबकडीवर कर्ता म्हणून हॅरिसनचें नांव आहे. वाजविणाऱ्या मुंबईकरांपैकीं कोणाचेंही नाहीं. त्या चित्रपट-संगीताची मोठी तबकडी त्याच वर्षाच्या अखेरीस निघाली, तिच्या वेष्टनावर मात्र नांवें छापलीं. हा हॅरिसनचा चांगुलपणा खरा, पण छापलीं कशीं पाहा. संतूरवादक शिवकुमार शर्मा हे ‘शर्मार’ झाले. सनईवाले दोघे, शरद आणि हनुमान, ह्यांच्यापुढें ‘जदेव’ असें आडनांव आहे. महाराष्ट्रांतील कोणताही वाचक तें ‘जाधव’ असेंच वाचील. बासरीवाले एस. आर. केंकरे तेवढे शाबूत राहिले. परदेशी मुद्रकास दोष देण्यापूर्वीं आपण आपल्याकडे पाहावें. उत्सवांत नगारखान्यावर वाजविणाऱ्याचें नांव काय, असें विचारणारा भाविक आम्हांस आजवर एकही भेटलेला नाहीं. प्रसाद काय, पालखी किती वाजतां, हें सर्व विचारतात.

बाकीच्या पदांच्या कथा थोडक्यांत उरकतों. मॅकार्टनीचें ‘यस्टरडे’ हें त्याचें सर्वांत गाजलेलें गाणें. त्याची चाल त्यास स्वप्नांत सुचली. शब्द नव्हते, म्हणून जागा भरण्यास त्यानें अंड्यांच्या न्याहारीवर कांहींबाहीं शब्द घातले. आणि ही चाल आपण कोठें ऐकलेली तर नाहीं ना, ह्या धास्तीनें कित्येक आठवडे जो भेटेल त्यास तो विचारीत सुटला. तुकोबांसही नामदेवांनीं स्वप्नांत येऊनच कवित्वाचें काम सांगितलें, असें त्यांच्या अभंगांत आहे. तुलना आम्ही करीत नाहीं, अधिकार निराळे. हॅरिसननें एकदां पुस्तक सहज उघडलें आणि जे शब्द प्रथम दिसले त्यांवर पद रचलें. आपल्याकडील रामशलाकेचाच हा प्रकार.

मॅकार्टनीची ती धास्ती वायफळ नव्हती, हें पुढें हॅरिसनवर आलेल्या प्रसंगावरून दिसतें. ही चौकडी १९७० सालीं फुटल्यावर त्याच वर्षीं त्यानें ‘माय स्वीट लॉर्ड’ हें भक्तिगीत काढलें. त्यांत आपला गुरुस्तोत्राचा श्लोकही आहे. पण त्याची चाल १९६३ सालच्या एका अमेरिकन गाण्याशीं जुळते, म्हणून फिर्याद झाली. त्या मूळ चालीचा कर्ता रॉनी मॅक हा तरुण तर गाणें गाजलें त्याच वर्षीं वारला होता. १९७६ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनीं निकाल दिला कीं, हॅरिसननें जाणूनबुजून चोरी केली नाहीं, परंतु त्याच्या अंतर्मनानें ती केली. म्हणून तो जबाबदार. हा विषय आपल्या राजशेखरानें ‘काव्यमीमांसें’त हजार वर्षांपूर्वीं मांडलेला आहे: शब्दहरण कोणतें, अर्थहरण कोणतें, आणि त्यांतलें क्षम्य किती. तेथें त्यानें आपली विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिचें मत आदरानें दिलें आहे, तें आमच्या वाचकभगिनींनीं अवश्य पाहावें. दुसऱ्याचें उचलतांना कवि मनाशीं कोणकोणत्या सबबी सांगतो, त्यांची यादीच तिनें केली आहे. तो अप्रसिद्ध आणि मी प्रसिद्ध, ही त्यांतली पहिली. न्यूयॉर्कच्या खटल्यास ती लागू पडत नाहीं, कारण मूळ गाणेंही अमेरिकेंत घरोघर पोंचलेलें होतें. मुंबईच्या सनईवाल्यांस मात्र, त्यांचें कोणी कांहीं चोरलें नसतांही, ती लागू पडते कीं काय, असें आमच्या मनांत येऊन जातें.

नुकसानभरपाईची भांडणें पुढें नव्वदच्या दशकांतही चालूं होतीं. हॅरिसननें तोंवर वाट पाहिली नाहीं. निकाल झाला त्याच वर्षीं त्यानें ह्या खटल्यावरच एक थट्टेचें पद रचलें, तें तबकडीवर काढलें, आणि तेंही बऱ्यापैकीं खपलें.