पोटभर जेवा, असे म्हणू नका

यांच्या अन्ननलिकेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, त्याला आता तीन वर्षे होतील. घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर गोळ्यांच्या वेळा होत्या, टाके दाखवण्याची तारीख होती आणि आहाराच्या रकान्यात दोनच शब्द होते, 'मऊ आहार'. गाठ गेली, माणूस घरी आला. आता चार घास नीट पोटात गेले की झाले, असे मी धरून चालले.

तिथेच चुकले. या शस्त्रक्रियेत अन्ननलिकेचा बराचसा भाग काढतात आणि बहुधा जठराचीच नळी करून ती छातीत वर ओढून जोडतात. अन्न साठवायची कोठीच लहान होते, भुकेची जाणीवही बोथट होते. हे मला फार उशिरा कळले. तोवर मी भाताची मूद, वरण, भाजी असे भरले ताट वाढत होते आणि चार घासांवर यांचा हात थांबला की, "अहो, एवढंच?" म्हणून चिडत होते. पानात टाकलेले अन्न आमच्या घरात कधी खपले नाही ना! ६२ किलोंचा माणूस चौथ्या महिन्यात ५३ वर आला.

त्यात पाडव्याला हौसेने श्रीखंड केले. वाटी संपून वीस मिनिटे होतात न होतात तोच यांना दरदरून घाम सुटला, छाती धडधडू लागली. हृदयविकाराचा झटका समजून रिक्षाने धावलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "काकू, गोड एकदम आतड्यात उतरलं की असं होतं. याला डंपिंग म्हणतात." एवढी साधी गोष्ट आधी कोणी सांगू नये?

शल्यविशारदांच्या कौशल्याला माझा नमस्कारच आहे. पण अशा रुग्णांचे पहिल्या सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन घटणे सर्रास आढळते. मग आहारतज्ज्ञांची भेट नशिबावर का सोडायची? घरी सोडण्यापूर्वी त्यांनी अर्धा तास द्यावा, आणि तोही घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाला समोर बसवून. वजनाचा काटाही त्याच दिवशी घरात यावा.

आपणही कमी दोषी नाही. 'पथ्याचे' म्हणून आपण पाण्यासारखी पेज पाजतो. या पोटाला थोडक्यात पुष्कळ हवे असते. पेजेत तूप, भाजीत दाण्याचे बारीक कूट, अंडे, पनीर. दिवसातून सहा-सात वेळा, पण वाटीएवढेच. पाणी जेवणाबरोबर नको, अर्ध्या तासाने. जेवून लगेच आडवे होणे नाही. घास अडकू लागला तर तो मनाचा खेळ समजू नये. आतला जोड आकसलेला असू शकतो आणि दुर्बिणीतून तो रुंद करता येतो. भेटायला येणाऱ्यांनी, "किती वाळलात हो!" एवढे वाक्य दाराबाहेर ठेवले तरी खूप झाले.

सध्या काटा ५६ वर टिकला आहे. यांचे मोठे ताट मी माळ्यावर टाकले. नातवाची छोटी वाटी ओट्यावरच असते. अकरा वाजले की हे स्वतःच ती पुढे करतात.